सुपरमॅन दोन आणि दोन सुपरमॅन



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य, सहकार, दुष्काळ, राज्यघटना असे विषय झाले. त्या यादीत ‘सुपरमॅन’ हे नाव छापलेलं पाहून काही भुवया वर गेल्या असतील. निळ्या पोशाखावर लाल चड्डी घालून आकाशात उडणाऱ्या माणसावर तासभर बोलायचं, आणि तेही स्मृतिव्याख्यानात! संयोजकांना मी फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते हळूच म्हणाले, ‘‘काही उपशीर्षक देता येईल का?’’ उपशीर्षक मी दिलेलं नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो ते सर मराठीचे प्राध्यापक. पुस्तक चांगलं की वाईट यापेक्षा, ते पुस्तक आवडणारी दोन माणसं आपसांत का भांडतात, यात त्यांना जास्त रस असे. त्यामुळे हा विषय त्यांना चालला असता, असं मी धरून चालतो.

ज्याला एखादा चित्रपट आवडलाच नाही, त्याच्याशी वाद फार टिकत नाही. तो चहा पिऊन उठून जातो. खरा वाद होतो तो दोघांचाही जीव ज्यावर जडला आहे अशा गोष्टीवरून. ‘सुपरमॅन २’ या चित्रपटाच्या चाहत्यांमध्ये असा वाद चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटण्याची काही लक्षणं नाहीत. मिटू नये असंच मला वाटतं. तो नेमका कशावरून आहे, एवढं मात्र पाहून घेऊ.

आधी हकीकत सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काही कळणार नाही.

अलेक्झांडर साल्काइंड आणि त्यांचा मुलगा इल्या हे युरोपातून कारभार करणारे निर्माते. १९७३ साली त्यांचा ‘द थ्री मस्केटियर्स’ आला आणि पुढच्या वर्षी ‘द फोर मस्केटियर्स’. गंमत अशी की नटांना वाटत होतं, आपण एकाच चित्रपटात काम करतोय. चित्रण एकदाच झालं, मेहनताना एकदाच मिळाला, आणि पडद्यावर आले दोन चित्रपट. नट कोर्टात गेले. तेव्हापासून हॉलिवूडच्या नटांच्या करारांत जे कलम आलं त्याला लोक ‘साल्काइंड कलम’ म्हणतात. आपल्या आडनावाचं कलम व्हावं, हा मान फार थोड्या निर्मात्यांना मिळालेला आहे.

सुपरमॅनच्या वेळी त्यांनी हाच प्रकार उघडपणे करायचं ठरवलं. पहिला आणि दुसरा भाग एकदमच चित्रित करायचा. कथा ‘गॉडफादर’कार मारिओ पुझो यांची. दिग्दर्शक म्हणून घेतले रिचर्ड डॉनर. १९७६चा त्यांचा ‘द ओमेन’ नुकताच जोरात चालला होता. मार्च १९७७मध्ये इंग्लंडमध्ये चित्रण सुरू झालं. क्रिस्टोफर रीव्ह हा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला तरुण नायक झाला. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे जॉर-एलच्या, भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो आले. त्यांच्या कामाचे दिवस दोन आठवडेही भरले नाहीत. मानधन होतं ३७ लाख डॉलर, शिवाय उत्पन्नात वाटा. पैसा आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जाऊ लागले. दिग्दर्शक आणि निर्माते एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा मध्यस्थ म्हणून कुणाला आणलं, तर मस्केटियर्सचे दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांना. अखेर दुसरा भाग अर्धवट ठेवून पहिला पुरा करायचं ठरलं. पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेण्याचा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी राखलेला होता, तोही उचलून पहिल्याला जोडला.

डिसेंबर १९७८मध्ये पहिला ‘सुपरमॅन’ आला आणि तुफान चालला. दुसऱ्याचं बहुतेक काम, काहींच्या हिशेबाने तीन चतुर्थांश, डॉनर यांनी करून ठेवलेलं होतं. आता ते उरलेलं पूर्ण करणार, असं सगळेच धरून चालले होते. निर्मात्यांनी त्यांना काढून टाकलं. जागा मिळाली मध्यस्थाला, लेस्टर यांना.

खलनायक लेक्स लूथर झालेले जीन हॅकमन परत यायला तयार झाले नाहीत. त्यामुळे लेस्टर यांच्या चित्रपटात हॅकमन जिथे खरोखर दिसतात ती सगळी दृश्यं डॉनर यांची आहेत. उरलेल्या ठिकाणी बदली माणूस पाठमोरा उभा आहे आणि आवाज नकलाकाराचा आहे. ब्रँडो यांचा वाटा वाचवण्यासाठी त्यांची दृश्यं काढून टाकली आणि बापाचे संवाद आईच्या, म्हणजे सुझाना यॉर्क यांच्या, तोंडी गेले. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ १९७८मध्येच वारले होते. संगीतकार जॉन विल्यम्स आले नाहीत, केन थॉर्न यांनी त्यांच्याच सुरावटी वापरून काम भागवलं. दोन चित्रणांच्या मधल्या काळात रीव्हचं शरीर बदललं, केस बदलले. नजर तयार असेल तर एकाच प्रसंगात दोन वेगळे रीव्ह सापडतात.

एवढं सगळं होऊनही ‘सुपरमॅन २’ लोकांना आवडला, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर १९८०पासून तो अमेरिकेबाहेर लागला, अमेरिकेत जून १९८१मध्ये. तिथल्या त्या वर्षीच्या कमाईत त्याचा क्रमांक तिसरा होता. समीक्षकही खूश होते. पहिल्यापेक्षा हा बरा, असं म्हणणारे तेव्हा खूप होते. सुपरमॅनला अखेर तोलामोलाचे शत्रू मिळाले होते. त्याच्याच ग्रहावरचे तीन गुन्हेगार, आणि त्यांचा म्होरक्या जनरल झॉड म्हणजे टेरेन्स स्टँप. ज्याच्यापुढे सगळ्यांनी गुडघे टेकावेत अशी ज्याची अपेक्षा आहे आणि पृथ्वी जिंकून जो लगेच कंटाळतो, असा हा खलनायक. तो कंटाळा स्टँप यांनी काय सुंदर केला आहे! आपल्याकडे ज्यांनी हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, त्यांना सुपरमॅन नंतर आठवतो, आधी झॉड आठवतो.

वाद पेटला तो पुढे. अमेरिकी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट दाखवताना थिएटरात नसलेली काही दृश्यं त्यात घातली गेली. चाहत्यांनी ती कॅसेटवर उतरवून घेतली, ताडून पाहिली, आणि त्यांना कळून चुकलं की या चित्रपटाच्या पोटात आणखी एक चित्रपट आहे. मग मागणी सुरू झाली, पत्रं गेली, मोहिमा झाल्या. शेवटी नोव्हेंबर २००६मध्ये मायकेल थाव यांनी इंग्लंडमधली जुनी रिळं शोधून, जुळवून बांधलेली ‘रिचर्ड डॉनर कट’ नावाची आवृत्ती डीव्हीडीवर आली. क्रिस्टोफर रीव्ह दोन वर्षांपूर्वी गेले होते. ही आवृत्ती त्यांनाच अर्पण केलेली आहे.

म्हणजे आता दोन ‘सुपरमॅन २’ आहेत आणि त्यांना मानणारे दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो की डॉनर यांचा चित्रपट अस्सल, लेस्टर यांनी त्यात विदूषकी घुसवली. दुसरा म्हणतो की लेस्टर यांचाच चित्रपट खरा, कारण तो पुरा झालेला आहे. तुमचं ते ठिगळकाम आहे. तिसराही एक गट आहे, दोन्हीतले आवडते तुकडे घेऊन घरच्या संगणकावर स्वतःची तिसरी आवृत्ती तयार करणाऱ्यांचा. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर तयार असतं: मी बदलून टाकलंय ते.

‘डॉनर गंभीर, लेस्टर विनोदी’ ही वाटणी दोन्हीकडचे लोक मान्य करतात, पण ती अर्धीच खरी आहे. डॉनर यांचा पहिला ‘सुपरमॅन’ पुन्हा पाहा. तो विनोदाने भरलेला आहे. चष्मा सावरत दारांना धडकणारा क्लार्क केंट, म्हणजे सोंग घेतलेला सुपरमॅनच, लूथरचा तो बावळट मदतनीस ओटिस, सगळे हसवतात. डॉनर यांचा आग्रह एवढाच होता की ही अद्भुत गोष्ट घडते आहे असं मनापासून मानून ती सांगायची. तसा फलकच त्यांनी कचेरीत लावून ठेवला होता. त्यांचं हसणं क्लार्कच्या सोंगावर आहे, लूथरच्या अहंकारावर आहे. संकटात सापडलेल्या माणसावर ते हसत नाहीत.

लेस्टर हसतात. मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर तिघं गुन्हेगार फुंकर मारून वादळ उठवतात. गाड्या उलटतात, माणसं पाचोळ्यासारखी फेकली जातात. आणि कॅमेरा काय टिपतो? एकाचा टोप उडतो. एकाच्या हातातलं आइस्क्रीम दुसऱ्याच्या तोंडावर बसतं. टेलिफोनचा डबा आडवा झाला तरी आतला गृहस्थ बोलायचा थांबत नाही. बीटल्सना घेऊन ‘अ हार्ड डेज नाइट’ काढणाऱ्या माणसाचा हा हातखंडा आहे, आणि एक प्रहसन म्हणून तो उत्तम आहे. पण याच प्रसंगात, या माणसांचा जीव जाऊ नये म्हणून सुपरमॅन रणांगण सोडून निघून जातो. लोक त्याला पळपुटा समजतात. ज्या गर्दीच्या हालांवर आपण दोन मिनिटांपूर्वी हसलो, तिच्यासाठी नायकाने आपली अब्रू पणाला लावावी, हे मग पटत नाही. या मुद्द्यावर डॉनरपंथीयांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

ब्रँडो यांच्या दृश्यांबद्दलही त्यांचंच खरं. प्रेमासाठी सुपरमॅन आपली शक्ती टाकून देतो. मग साध्या माणसासारखा एका हॉटेलात मार खातो, स्वतःचं रक्त पाहतो, आणि जगावर झॉड आला आहे हे कळल्यावर बर्फातून चालत परत येतो. लेस्टर यांच्या चित्रपटात पुढे काय होतं? एक हिरवा स्फटिक चमकतो, आणि नंतर सुपरमॅन थेट हजर. कशी आली शक्ती परत? आली! डॉनर यांच्या आवृत्तीत मुलगा बापाला हाक मारतो, आणि स्फटिकांत उरलेलं आपलं अखेरचं अस्तित्व खर्चून बाप त्याला उठवतो. त्यानंतर तो बाप कायमचा संपतो. पहिल्या चित्रपटात पाळण्यातल्या मुलाला निरोप देताना बापाने जे बोलून ठेवलं होतं, ते इथे पुरं होतं. पैसे वाचवण्यासाठी निर्मात्यांनी या कथेचा कणाच काढून घेतला होता, हे २००६ साली प्रेक्षकांना दिसलं.

पण आता दुसरी बाजू. ज्या लोइस लेनच्या प्रेमासाठी तो शक्ती टाकतो, तिला क्लार्क हाच सुपरमॅन आहे हे कळतं कसं? डॉनर यांच्याकडे ती त्याच्यावर पिस्तूल झाडते. तो उभाच राहतो आणि कबूल होतो. मग कळतं की गोळ्या खोट्या होत्या. युक्ती फर्मास आहे. चित्रपटगृहात टाळी पडली असती. हा प्रसंग डॉनर यांना चित्रित करता आला नव्हता, म्हणून तिथे दोघांच्या स्क्रीन टेस्टचे तुकडे वापरले आहेत. केस आणि चष्मा दर कटला बदलतो, आणि चाहते तो दोष मायेने पोटात घालतात. लेस्टर यांच्याकडे नायगाऱ्याच्या हॉटेलात क्लार्क गालिच्याला अडखळतो आणि त्याचा हात शेकोटीत पडतो. हात भाजत नाही. ती ते पाहते. तो म्हणतो, कसा पडलो कळत नाही. ती सुचवते की कदाचित तुलाच हे कळावंसं वाटत असेल. बघा, पहिल्या प्रसंगात लोइस जिंकते. दुसऱ्यात तो माणूस स्वतःलाही न सांगता स्वतःला उघड करतो. मार्गो किडर आणि रीव्ह यांनी तो क्षण इतका हळुवार केला आहे की विदूषकी करणाऱ्या लेस्टर यांच्यावरचे अर्धे आरोप मी तिथे मागे घेतो.

अस्सल कोणता, हा प्रश्न पुण्यात तरी नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे मुख्य संपादक होते, आणि १९६६मध्ये काम पुरं झालं. देशभरच्या पोथ्या जुळवून पाठ सिद्ध करताना लोकांच्या जिव्हाळ्याच्या काही जागा मुख्य पाठातून गेल्या. गणपती लेखनिक झाला ती कथा गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तोही परिशिष्टात गेला. संशोधकांनी पुरावा पाहून निर्णय घेतला आणि तो योग्यच होता. पण कीर्तनात द्रौपदी अजून धावा करते, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. चिकित्सक आवृत्ती हे अभ्यासाचं साधन आहे. कीर्तनाला बसलेल्या माणसाच्या अनुभवातून तिला काही काढून घेता येत नाही. डॉनर कटही चिकित्सक आवृत्तीच आहे. किंबहुना थोडी कच्चीच, कारण १९७९ साली काम पुरं करायला मिळालं असतं तर डॉनर यांनी हाच चित्रपट केला नसता. पृथ्वी फिरवण्याचा शेवट पहिल्या भागात वापरून झाल्यामुळे दुसऱ्यासाठी वेगळा शेवट शोधावा लागला असता, असं ते स्वतःच म्हणत. २००६मध्ये तो शोधायला कुणी नव्हतं, म्हणून जुनाच शेवट परत जोडला. परिणामी दोन्ही भाग लागोपाठ पाहणाऱ्याला पृथ्वी दोनदा उलटी फिरलेली दिसते.

आणि त्यातून जो घोटाळा होतो, त्यावर चाहत्यांनी घातलेला वाद ऐकण्यासारखा आहे. काळ मागे गेला, म्हणजे झॉड आलाच नाही, हॉटेलात मारामारी झालीच नाही. तरी शेवटी क्लार्क त्याच हॉटेलात जाऊन त्याच धटिंगणाला तुडवतो. त्या बापड्याने अजून काहीच केलेलं नाही! लेस्टरपंथीय हे दाखवून हसतात. त्यावर डॉनरपंथीयांचा उलट सवाल असतो: तुमच्या चित्रपटात शक्ती गेलेल्या झॉडला धुक्याच्या खाईत ढकलतात, तो गेला की जगला? सुपरमॅनने खून केला का? आमच्याकडे निदान तो परत आपल्या कैदेत पोहोचतो. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅनने झॉडची मान मोडली तेव्हा मोठा गहजब झाला, आणि त्या वेळी हाच जुना मुद्दा बचावासाठी बाहेर काढला गेला.

इतका बारीक कीस काढणाऱ्या या दोन्ही पंथांनी वर्षानुवर्षं एका गोष्टीकडे फारसं पाहिलं नाही. ती म्हणजे लोइस. लेस्टर यांच्या शेवटात क्लार्क कचेरीत तिचं चुंबन घेतो आणि तिची आठवण पुसली जाते. डॉनर यांच्या शेवटात तो काळच मागे नेतो. आठवण तिथेही पुसली जाते. चुंबन बरं की पृथ्वी बरी, यावर ग्रंथ होईल एवढं बोललं गेलं. पण तिला कुणी विचारलं का? तिचं दुःख आवरत नाही, एवढ्या कारणावरून तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अनुभव तो परस्पर काढून घेतो. शक्ती टाकताना त्याने किंमत मोजली होती. इथे किंमत तिच्याकडून वसूल झाली आणि पावतीही दिली नाही. आजच्या तरुण प्रेक्षकांना, त्यातही मुलींना, हे पहिल्याच पाहण्यात खटकतं. तेव्हा दोन्ही शेवट पळपुटे आहेत, हे माझं मत. मधल्या तासाभरात चित्रपटाने जो प्रश्न विचारला, की सगळ्यांचा असलेला माणूस एकाच व्यक्तीचा होऊ शकतो का, त्याला कुठल्याच दिग्दर्शकाने शेवटपर्यंत तोंड दिलेलं नाही.

चाहत्यांच्या वादाची वाईट बाजूही सांगायला हवी. डॉनर कटच्या यशाने एक पायंडा पडला. २०१७चा ‘जस्टिस लीग’ झॅक स्नायडर यांनी कौटुंबिक दुःखामुळे सोडला आणि जॉस व्हेडन यांनी पुरा केला. पुन्हा तीच मागणी झाली, आणि मार्च २०२१मध्ये चार तासांची स्नायडर आवृत्ती आली. त्या चळवळीतल्या लोकांनी आत्महत्या प्रतिबंधाच्या कामासाठी मोठी रक्कम जमवली, ही मोलाची गोष्ट. त्याच चळवळीतल्या काहींनी विरोधी मत देणाऱ्यांना गाठून गलिच्छ शिव्या दिल्या, हेही खरं. चित्रपट माझा आवडता आहे, इथवर ठीक. तो माझ्या मालकीचा आहे असं ज्याला वाटू लागलं, त्याला पडद्यावर काय चाललंय ते दिसेनासं होतं. मग शेकोटीतला हातही दिसत नाही आणि टेलिफोनचा डबाही दिसत नाही.

माझा निवाडा विचाराल तर, वडील आणि मुलगा डॉनर यांचे, नायगारा लेस्टर यांचा, आणि झॉड दोघांचाही. एका चित्रपटात हे सगळं नाही, आणि ते कुणाच्या संगणकावर एकत्र करून मिळेल असंही मला वाटत नाही. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा. त्याआधी एक विनंती. १९७८चा पहिला भाग पाहा, मग लेस्टर यांचा १२७ मिनिटांचा, आणि त्यानंतरच डॉनर यांचा ११६ मिनिटांचा. या क्रमानेच पाहा, कारण उलट क्रमाने पाहिलेल्यांशी वाद घालण्यात मजा येत नाही.